विश्लेषण : महासागर एकटीने वल्हवायचा, पण पैसे कुणी द्यायचे?

बंगळूरुत जन्मलेल्या आणि ब्रिटनमध्ये वाढलेल्या अनन्या प्रसाद ३१ जानेवारी २०२५ रोजी कॅरिबियनमधील अँटिग्वा बेटाच्या किनाऱ्याला लागल्या, तेव्हा त्यांनी अटलांटिक महासागर एकटीने वल्हवत पार केला होता. सुमारे तीन हजार मैलांचा हा प्रवास त्यांनी ५२ दिवसांत केला. हे अंतर एकटीने कापणारी त्या पहिल्या गौरेतर महिला ठरल्या आणि भारतातही त्याच्या ठळक बातम्या झाल्या. बातम्यांत एक आकडा मात्र खालच्या ओळींत राहिला. या मोहिमेतून दीड लाख पौंडांहून अधिक, म्हणजे दीड कोटी रुपयांहून जास्त निधी उभा राहिला. तो मानसिक आरोग्यासाठी काम करणारी ब्रिटनमधील संस्था आणि कर्नाटकातील ‘दीनबंधू ट्रस्ट’ यांच्यासाठी होता. समुद्रावर ५२ दिवस आणि त्याआधीची तयारी तीन वर्षांहून अधिक, असा हा हिशेब. या तीन वर्षांत फक्त व्यायाम झाला असे समजायचे कारण नाही. एकट्याने महासागर वल्हवणाऱ्यांच्या जगात एक वाक्य वारंवार ऐकू येते : समुद्र पार करण्यापेक्षा सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचणे अवघड. पर्यावरणासाठी अशी मोहीम काढणाऱ्यांना तर हे अधिकच लागू पडते.

खर्च नेमका कशाचा?

वल्हवायला वारा फुकट आणि पाणीही फुकट, मग एवढा पैसा लागतो कशाला, असे कुणालाही वाटेल. पण ही कोळीवाड्यातली होडी नव्हे. एकट्यासाठीची महासागरी बोट साधारण सात मीटर लांब असते. तिच्या दोन्ही टोकांना पाणी शिरणार नाही अशा बंद केबिन असतात. त्यांतल्या हवेमुळे आणि तळाशी ठेवलेल्या वजनामुळे बोट उलटली तरी आपोआप सरळ होते. छतावर सौर पॅनेल आणि आत बॅटऱ्या असतात. त्या विजेवर समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र चालते. त्याशिवाय उपग्रह फोन, मोठ्या जहाजांना आपण इथे आहोत हे कळवणारी यंत्रणा, संकटात ठिकाण कळवणारा बीकन, जीवरक्षक तराफा आणि वादळात बोट वाऱ्याला तोंड करून धरून ठेवणारा पॅराशूटसारखा समुद्री नांगर लागतो. दिवसाला चार-पाच हजार कॅलरी पोटात जाव्यात एवढे कोरडे अन्न तीन महिन्यांसाठी भरायचे. वल्हीसुद्धा जादा घ्यायची, कारण ती मोडतात.

हे सगळे घेऊन बोट कंटेनरमधून सुरुवातीच्या बंदरावर पाठवायची आणि मोहीम संपल्यावर परत आणायची. विमा, प्रशिक्षण, शर्यतीत उतरायचे असेल तर प्रवेश शुल्क आणि तयारीच्या काळात बुडालेला पगार हे वेगळेच. यात सर्वांत मोठी रक्कम बोटीची, ती एकटीच लाखो रुपयांत जाते. पण तीच एक वस्तू अशी, की प्रवास संपल्यावर विकता येते. म्हणून अनेक जण जुनी बोट घेतात आणि नंतर पुढच्याला विकतात. बाकीचा पैसा समुद्रात जातो तो जातोच.

रोझ सॅव्हेज यांचे उदाहरण महत्त्वाचे का?

पर्यावरणासाठी एकट्याने महासागर वल्हवणे म्हटले, की पहिले नाव येते ते ब्रिटनच्या रोझ सॅव्हेज यांचे. लंडनमध्ये त्या व्यवस्थापन सल्लागार होत्या. तिशीत असताना त्यांनी एके दिवशी स्वतःचे दोन मृत्युलेख लिहिले. एक, आहे तसेच आयुष्य चालू राहिले तर छापून येईल तो. दुसरा, छापून यावा असे वाटते तो. दोन्हींत इतके अंतर पडले की पुढे नोकरी, घर आणि लग्न तिन्ही मागे पडले.

३० नोव्हेंबर २००५ रोजी त्या कॅनरी बेटांमधल्या ला गोमेरा येथून निघाल्या आणि १३ मार्च २००६ रोजी, १०३ दिवसांनी अँटिग्वाला पोहोचल्या. वाटेत चारही वल्ही मोडली. ती दुरुस्त करून, बांधून वापरावी लागली. स्टोव्ह बंद पडला. शेवटी उपग्रह फोनही गेला आणि अखेरचे सुमारे २४ दिवस त्यांचा जगाशी संपर्क नव्हता. या मोहिमेत त्यांची स्वतःची पुंजी मोठ्या प्रमाणात गेली होती.

पुढचा टप्पा पॅसिफिकचा आणि हेतू उघडपणे पर्यावरणाचा. पण पॅसिफिक एका दमात होण्यासारखा नव्हता आणि स्वतःच्या पुंजीवरही होण्यासारखा नव्हता. म्हणून पैसे उभे करण्याची रीत बदलली. ‘ब्लू फ्रंटियर कॅम्पेन’ या अमेरिकी सागरसंवर्धन संस्थेच्या छत्राखाली हा प्रकल्प आला. अमेरिकेत ही व्यवस्था रूढ आहे. देणगी व्यक्तीच्या नव्हे तर नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावर जाते, देणाऱ्याला करसवलत मिळते आणि हिशेबाची जबाबदारी संस्थेवर राहते. दुसरीकडे ‘ब्रोकेड’ ही संगणक-नेटवर्क क्षेत्रातील कंपनी मुख्य प्रायोजक झाली. अटलांटिकमध्ये बोटीचे नाव ‘सेडना’ होते. सेडना ही इन्युइट लोकांची समुद्रदेवता. पॅसिफिकमध्ये त्याच बोटीचे नाव ‘ब्रोकेड’ झाले. देवीच्या जागी कंपनी आली. यावर नाक मुरडणे सोपे आहे, पण प्रायोजकाला विकण्यासारख्या ज्या मोजक्या जागा वल्हवणाऱ्याकडे असतात, त्यांत बोटीचे नाव सर्वांत मोठे. ज्या शर्यतीतून अनन्या प्रसाद गेल्या, तिच्या नावातही काही वर्षांपूर्वीपर्यंत एका व्हिस्कीचा ब्रँड होता.

प्रायोजकाला मिळते काय?

थोडक्यात, गोष्ट. समुद्राच्या मध्यावर प्रेक्षक नसतात, तिकीट नसते, स्टेडियमभोवती जाहिरात फलक नसतात. प्रायोजकाला दिसतो तो नकाशावर सरकणारा एक ठिपका, उपग्रह फोनवरून आलेला मजकूर, अधूनमधून एखादा फोटो. त्यामुळे फोन बंद पडणे ही सुरक्षिततेची अडचण असतेच, शिवाय मोहिमेच्या अर्थकारणाचीही असते. सॅव्हेज यांनी हे अटलांटिकमध्ये अनुभवले होते. पॅसिफिकमध्ये त्या बोटीतून रोजचा वृत्तान्त पाठवत आणि पॉडकास्टवर नियमित बोलत. स्मार्टफोन नुकते आले होते त्या काळात, २००८ मध्ये, भर समुद्रातून चालणारा पॉडकास्ट ही नवलाई होती.

त्याच मोहिमेत अशी एक घटना घडली, जी कोणत्याही जाहिरात संस्थेला आखता आली नसती. ‘जंक’ नावाचा एक तराफा कॅलिफोर्नियाहून हवाईकडे चालला होता. सुमारे १५ हजार प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि त्यावर एका लहान विमानाचा सांगाडा, असा तो बनवलेला होता. समुद्रातल्या प्लॅस्टिककडे लक्ष वेधण्यासाठी मार्कस एरिक्सन आणि जोएल पास्कल त्यावर स्वार होते. त्यांचा वेग अंदाजापेक्षा फार कमी पडला आणि अन्न संपत आले. तिकडे सॅव्हेज यांची पाणी गोडे करणारी यंत्रे बिघडली होती. उपग्रह फोनवरून ठिकाणे जुळवून दोन्ही नौका ऑगस्टमध्ये भर पॅसिफिकमध्ये भेटल्या. तराफ्यावरच्यांनी पकडलेला ताजा मासा तिघांनी खाल्ला. सॅव्हेज यांनी अन्न दिले, त्यांनी हाताने चालवायचे पाण्याचे यंत्र दिले आणि दोघे आपापल्या वाटेने गेले. कॅलिफोर्निया आणि हवाई यांच्या दरम्यानच्या ज्या पट्ट्यात प्लॅस्टिकचा कचरा प्रवाहांमुळे गोळा होतो, त्याविषयी त्या वर्षी जे लिहिले-बोलले गेले त्यात ही भेट वारंवार आली.

१ सप्टेंबर २००८ रोजी, ९९ दिवसांनी, सॅव्हेज हवाईला पोहोचल्या. २००९ मध्ये हवाई ते किरिबातीतील तरावा हे अंतर १०४ दिवसांत आणि २०१० मध्ये तरावा ते पापुआ न्यू गिनीतील मदांग हे ४६ दिवसांत कापले. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरून मॉरिशसपर्यंत १५४ दिवसांत जाऊन त्यांनी हिंद महासागरही पार केला. अटलांटिक, पॅसिफिक आणि हिंद हे तिन्ही महासागर एकटीने वल्हवणारी ती पहिली महिला. एकूण ५०० हून अधिक दिवस आणि त्यांच्या हिशेबाने सुमारे ५० लाख वेळा वल्हे मारणे. हिंद महासागरात मात्र सोमाली चाच्यांच्या भीतीने त्यांचे ठिकाण जाहीर केले गेले नाही. सुरक्षिततेसाठी ते योग्यच होते, पण नकाशावरचा ठिपका गेला की दूरवर बसून मोहीम पाहणाऱ्यांचा धागाही सैल होतो.

मोहीम फसली तर?

पॅसिफिकचा पहिला प्रयत्न २००८ चा नव्हताच. ऑगस्ट २००७ मध्ये सॅव्हेज उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून निघाल्या होत्या. दहाएक दिवसांत खवळलेल्या समुद्रात बोट पुनःपुन्हा उलटली, डोक्याला मार लागला. त्यांची काळजी वाटून कुणीतरी किनाऱ्यावरून तटरक्षक दलाला कळवले आणि अखेर हेलिकॉप्टरने त्यांना उचलले. समुद्रात माणूस वाचवण्याचे बिल सहसा त्याच्या हाती दिले जात नाही. संकटातल्याला मदत करणे हे सागरी कायद्यानुसार प्रत्येक जहाजाचे आणि किनारी देशाचे कर्तव्य आहे. पण हे कर्तव्य माणसापुरते. बोट समुद्रात सोडून यावी लागते आणि ती परत आणायची तर स्वतःच्या खर्चाने. सॅव्हेज यांच्या बोटीसाठी असेच जहाज पाठवावे लागले. ज्यांनी हवाईपर्यंतच्या प्रवासासाठी पैसे दिले होते, त्यांना दहा दिवसांची गोष्ट मिळाली होती आणि त्यांच्याचकडे पुढच्या वर्षासाठी पुन्हा जायचे होते.

याहून वाईटही घडते. व्हीलचेअर वापरणाऱ्या अमेरिकी नौकापटू अँजेला मॅडसन २०२० मध्ये कॅलिफोर्नियाहून हवाईकडे एकट्या निघाल्या. वयाच्या साठीत हा प्रवास करणाऱ्या त्यांच्यावर एक माहितीपट बनत होता. समुद्री नांगराची दुरुस्ती करण्यासाठी त्या पाण्यात उतरल्या आणि त्यांच्याकडून संदेश येणे थांबले. एका मालवाहू जहाजाने वाट वळवून त्यांचा मृतदेह बाहेर काढला. बोट तशीच वाहत राहिली आणि वर्षभराहून अधिक काळाने मार्शल बेटांमधल्या एका प्रवाळबेटावर सापडली. जिवाची किंमत प्रायोजकत्वाच्या करारात लिहिता येत नाही. पण ज्याला ‘मी पोहोचेन तेव्हा’ असे सांगून पैसे मागायचे असतात, त्याच्यावर हवामान वाईट असतानाही निघण्याचा दबाव येतो, हे नाकारता येत नाही. पैसा वेळेवर जमला नाही, तर अनुकूल ऋतू हातचा जातो आणि मोहीम सरळ एका वर्षाने पुढे ढकलावी लागते. तेवढे धैर्य दाखवणाऱ्याला देणगीदारांनी बोल लावू नये.

बोटीसाठी की कारणासाठी?

खरी गफलत इथे होते. ‘समुद्र वाचवण्यासाठी मदत करा’ असे आवाहन येते आणि देणाऱ्याला वाटते, आपले हजार रुपये कचरा उचलण्यात किंवा कासवांच्या संवर्धनात जाणार. प्रत्यक्षात ते वल्ही घेण्यात गेलेले असू शकतात. वल्ही घेणे गैर नाही, पण ते सांगायला हवे. व्यवस्थित चालणाऱ्या मोहिमांत दोन खाती वेगळी असतात. बोटीचा खर्च स्वतःचा पैसा, कंपन्या आणि वस्तुरूप मदतीतून निघतो. लोकांकडून आलेली देणगी थेट संस्थेच्या खात्यावर जाते. अमेरिकेच्या केटी स्पॉट्झ २०१० मध्ये वयाच्या २२ व्या वर्षी सेनेगलमधील डाकारहून दक्षिण अमेरिकेतील गयानाला ७० दिवसांत एकट्या गेल्या, तेव्हा पिण्याच्या शुद्ध पाण्याच्या प्रकल्पांसाठी सुमारे दीड लाख डॉलर जमले. तिथे हेतू मोजता येण्याजोगा होता : एवढे पैसे, एवढ्या पाणीयोजना.

‘जागृती’ मात्र मोजता येत नाही. पर्यावरणासाठी निघालेल्यांची अडचण हीच. सॅव्हेज यांनी त्यावर २००९ मध्ये एक उपाय काढला : मी दिवसाला दहा हजार वेळा वल्हे मारते, तुम्ही दहा हजार पावले चाला आणि तेवढी गाडी कमी वापरा. यातून किती पेट्रोल वाचले हा प्रश्न सोडून देऊ, पण मागणी पैशांची नव्हती आणि ती करता येण्यासारखी होती. त्याच वर्षी त्या तरावाला उतरल्या. किरिबाती हा समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीचा देश. पाण्याची पातळी वाढली तर सर्वांत आधी ज्यांना जागा सोडावी लागेल अशांपैकी एक. कोपनहेगनची हवामान परिषद डिसेंबरमध्ये होती आणि बोलायला त्यांच्याजवळ पाहिलेले काहीतरी होते. त्या आता ब्रिटनच्या संसदेत लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या खासदार आहेत. हवामान आणि निसर्ग यांविषयी त्यांनी मांडलेल्या खासगी विधेयकावर जानेवारी २०२५ मध्ये चर्चा झाली, पण ते पुढे सरकले नाही. वल्ह्यांनी खासदारकी मिळाली, कायदा मिळाला नाही, असे कुणी म्हटले तर ते फारसे चुकीचे नाही.

आणि बोटीचा स्वतःचा पर्यावरणावरचा भार?

हा प्रश्न टाळता येणारा नाही. बोट फायबर आणि रेझिनची, अन्नाची पाकिटे प्लॅस्टिक-ॲल्युमिनियमची, बोट जहाजातून जाते आणि माणूस विमानाने. दोन महिने स्नायूंच्या बळावर चालून कंटेनर आणि विमानाचा धूर भरून निघत नाही. म्हणूनच ‘शून्य प्रदूषणाची मोहीम’ असा दावा दिसला की शंका घ्यावी. उलट पाकिटे मोजून परत आणणारे, जुनी बोट वापरणारे, तळाला विषारी रंग जास्त न फासता पाण्यात उतरून तिथे चिकटलेले कवचधारी जीव हाताने खरवडणारे वल्हेकरी अधिक विश्वासार्ह वाटतात. त्या जीवांमुळे वेग कमालीचा घटतो, त्यामुळे ते काम करावेच लागते.

भारतातून कुणी निघाले तर?

आपल्याकडे एकट्याने समुद्र पार करण्याची परंपरा आहे, पण ती शिडाच्या नौकांची आणि मुख्यतः नौदलाच्या आधाराची. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली आणि खर्च नौदलाचा होता. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये न थांबता फिरून आले. पुढे ते नौदलाबाहेर पडून २०२२ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत उतरले तेव्हा प्रायोजक संयुक्त अरब अमिरातीतील ‘बयानत’ कंपनी होती, आणि बोटीचे नावही ‘बयानत’च. शर्यतीत ते दुसरे आले. म्हणजे नौदलाचा हात सुटला की आपल्याही नौकापटूला बोटीचे नाव विकावे लागते.

मग कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे सीएसआर का नाही? कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात पर्यावरण आहे आणि क्रीडा प्रशिक्षणही आहे. निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना खर्च करावी लागते. ऐकायला सोपे आहे, पण २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत दोन अडथळे आहेत. आपल्या उत्पादनाला प्रसिद्धी मिळावी म्हणून केलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरत नाहीत. म्हणजे बोटीवर कंपनीचे नाव आले की तो पैसा जाहिरातीच्या खात्यातून यायला हवा. दुसरे, भारताबाहेर केलेला खर्चही धरत नाहीत. अपवाद आहे तो देशाचे किंवा राज्याचे प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. शिवाय निधी वापरणारी संस्था नोंदणीकृत हवी, एखाद्या व्यक्तीच्या हाती तो देता येत नाही. त्यामुळे सीएसआरच्या भरवशावर कुणी बोट बांधायला घेतली, तर ती गोदीतच राहण्याची शक्यता जास्त. किनारा स्वच्छतेचा किंवा शाळांतील कार्यक्रमांचा भाग मात्र एखाद्या संस्थेमार्फत त्यातून होऊ शकतो, मोहिमेपासून वेगळा ठेवून.

सामान्य देणगीदारासाठी नियम याहून साधे आहेत. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर पाठवलेल्या पैशाला ‘८०जी’ची सवलत मिळत नाही, मग आवाहनात पृथ्वीचे कितीही सुंदर चित्र असो. संस्था पात्र असेल तरी दोन हजार रुपयांवरची रोख देणगी चालत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही. परदेशातल्या नातेवाइकांकडून भारतीय संस्थेसाठी पैसे मागवायचे, तर त्या संस्थेकडे परकीय देणग्या स्वीकारण्याची परवानगी हवी. आवाहन करणाऱ्याला विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. पैसे कुणाच्या खात्यावर जातात? बोटीला किती आणि संस्थेला किती? यंदा निघणे जमले नाही तर जमलेल्या पैशांचे काय? आणि प्रवास संपल्यावर बोट विकली तर ती रक्कम कुणाची? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच लेखी देणारे थोडे असतात.